३/७ म्हणजे मार्च की जुलै?

आमच्या आप्पांचा विम्याचा हप्ता २००१ साली चुकला, पण विसरल्यामुळे नाही. आप्पा विसरत नाहीत. हप्त्याची शेवटची तारीख होती ७ मार्च, बुधवार, होळीच्या दोन दिवस आधीची. ती त्यांनी जानेवारीतच आपल्या नव्या डिजिटल डायरीत नोंदवून ठेवली होती. फेब्रुवारीत एकदा त्यांनी कामांची यादी उघडली, तर हप्त्यासमोर '३/७' असं दिसलं. 'जुलैला अजून चिक्कार वेळ आहे' असं म्हणून त्यांनी डायरी खिशात टाकली आणि ते इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला निघून गेले.

पुढे दंड भरावा लागला. रामबागेतल्या आमच्या घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि आप्पांनी निकाल दिला, "यंत्र खोटं बोलतं."

यंत्र खरंच बोलत होतं, फक्त अमेरिकेच्या रीतीने. ती डायरी म्हणजे पाम थ्री. माझ्या आतेभावाने न्यू जर्सीत वापरून झाल्यावर मामासाठी पाठवलेली. तिकडे महिना आधी लिहितात, दिवस नंतर, आपलं उलटं. त्यात कामांच्या यादीत जागा वाचवायला साल दाखवत नाहीत, त्यामुळे ताडून बघायलाही हाताशी काही नव्हतं. गंमत म्हणजे हा घोळ रोज होत नाही. १३ तारखेपासून पुढे शंकाच येत नाही, कारण तेरावा महिना कुणाकडे नसतो. (आपल्याकडे अधिक महिना येतो, पण त्याला नंबर नसतो.) १/१, २/२, ३/३ कसंही वाचलं तरी तेच. उरतात वर्षातले १३२ दिवस, जे एका रीतीने वाचले तर एक तारीख आणि दुसऱ्या रीतीने वाचले तर भलतीच. आप्पांचा हप्ता त्या १३२ पैकी एका दिवशी होता, एवढंच.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत ती डायरी कपाटातून पुन्हा निघाली. नातवंडांना मोह झाला, आप्पांना जुना राग आठवला आणि समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटर शिकवणारी मीच. त्या दिवशी आप्पांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते. अशी डायरी आता कुणी वापरत नसलं, तरी तारीख आणि पडदा यांचं तिच्यातलं शास्त्र इतकं उघडंवाघडं आहे की त्यावरून पुढची सगळी यंत्रं कळतात.

आधी एक घरगुती गोष्ट. इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरात बऱ्याचदा दोन कॅलेंडरं टांगलेली असतात, एक कालनिर्णय आणि एक जबलपूरचं लाला रामस्वरूप. पहिलं आपल्या सणांसाठी, दुसरं शेजाऱ्यांच्या सणांसाठी आणि दूधवाल्याच्या हिशेबासाठी. आपला महिना अमावस्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि श्रावणी सोमवारचे उपासही मागेपुढे होतात. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमीला. कृष्ण मात्र दोन्ही घरांत एकाच रात्री जन्मतो. आपण अश्विन अमावस्येला लक्ष्मीपूजन करतो, ते कार्तिक अमावस्येला करतात, आणि फटाके एकाच वेळी वाजतात. रात्र एकच, नावं दोन. ज्याला हे कळतं त्याला डिजिटल डायरीतली तारखेची सगळी सेटिंगं कळायला हरकत नाही.

डायरीच्या पोटात 'सात मार्च' असं काही लिहिलेलं नसतं, तिथे एक आकडा असतो. पामच्या डायरीत प्रत्येक तारखेसाठी सोळा खण राखलेले आहेत आणि प्रत्येक खणात फक्त शून्य किंवा एक मावतो. पहिले सात खण सालाचे, पुढचे चार महिन्याचे, शेवटचे पाच दिवसाचे. पाच खणांत ३१ पर्यंतचे आकडे बसतात, दिवसांना तेवढे पुरतात. चार खणांत १५ पर्यंत जाता येतं, महिन्यांना १२ पुरे. सालासाठी सात खण, म्हणजे शून्य ते १२७. त्यात २००१ कसं बसणार? म्हणून साल मोजायला १९०४ पासून सुरुवात केली. २००१ म्हणजे ९७.

आता आप्पांचा हप्ता. साल ९७, महिना ३, दिवस ७. खण भरले तर ११००००१, मग ००११, मग ००१११. सगळे खण सलग एकच आकडा म्हणून वाचले तर येतो ४९७६७. आप्पांनी जानेवारीत नोंद केली तेव्हा यंत्राने हे ४९७६७ लिहिलं, आणि त्यानंतर ते कधी बदललं नाही. पडद्यावर '३/७' आलं काय, '७/३' आलं काय, पोटातला आकडा तोच. यंत्र फक्त दर वेळी त्याचं भाषांतर करून दाखवत होतं आणि भाषांतराचा नियम आतेभावाने न्यू जर्सीत ठरवून ठेवला होता.

१९०४ च का, १९०० का नाही, हा प्रश्न आप्पांनी लगेच विचारला. त्याचं कारण लीप वर्षाचं आहे. चारने भाग जातो ते लीप वर्ष, हा आपला शाळेतला नियम. पण शतकाच्या सालाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हतं. २००० होतं. १९०४ पासून मोजायला लागलं की १९०० चा काटा आपोआप गळतो आणि थेट २०९९ पर्यंत 'चारने भाग' हा एकच नियम पुरतो. छोट्या यंत्राचं डोकंही छोटं असतं, त्याला जेवढे कमी अपवाद शिकवावेत तेवढं बरं. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशमध्येही मोजणी १९०४ पासूनच होती.

घड्याळाचंही असंच. पाममधलं घड्याळ १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजत बसलेलं असतं. ७ मार्च २००१ हा दिवस सुरू झाला तेव्हा त्याच्या हिशेबाने ३०६ कोटी ६७ लाख ६८ हजार सेकंद झाले होते. तास, मिनिटं, वार, महिना हे सगळं या एका लांबलचक आकड्यातून काढायचं.

आप्पांना वाटलं हे काहीतरी अमेरिकन डोकं आहे. मी म्हटलं, आप्पा, हे तर आपल्या शेजारच्या गावचं. इंदुराहून उज्जैन पंचावन्न किलोमीटर. आपले जुने ज्योतिषी हेच करत. कलियुग लागलं त्या क्षणापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ च्या फेब्रुवारीतल्या एका मध्यरात्रीपासून, किती दिवस उलटले ते मोजायचं. त्या संख्येला अहर्गण म्हणतात. सूर्यसिद्धांताच्या हिशेबात ही मध्यरात्र उज्जैनच्या रेखावृत्तावरची धरलेली आहे. अहर्गण हाती आला की ग्रह, तिथी, वार सगळं त्यावरून काढता येतं. आप्पांच्या हप्त्याच्या दिवशी तो १८ लाख ६३ हजारांच्या पुढे गेला होता. आधी नुसती मोजणी, मग ज्याला हवं तसं नाव. यंत्राने सेकंद मोजले, आपल्या लोकांनी दिवस मोजले.

यावर आप्पा थोडे शांत झाले. उज्जैनचं नाव निघालं की ते होतात.

आता प्रत्यक्ष सेटिंग. पाममध्ये 'प्रेफ्स' नावाचं चित्र असतं. ते उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या यादीतून 'फॉरमॅट्स' निवडायचं. या पानावर जे काही आहे ते सगळं दिसण्याचं आहे. इथे काहीही बदला, नोंदींना धक्का लागत नाही. सर्वांत वर देशाचं नाव असतं. ते बदललं की खालच्या ओळी त्या देशाच्या रीतीप्रमाणे आपोआप बदलतात, आणि मग एखादी ओळ पटली नाही तर ती तेवढी वेगळी बदलता येते. युनायटेड किंगडम केलं की दिवस आधी येतो. आप्पांनी नाक मुरडलं, पण इंग्रजांनी शिकवलेली ही रीत आपण इतकी आपली करून टाकलेली आहे की आता तक्रार करण्यात अर्थ नाही.

तारखेच्या ओळीत दिवस-महिना-साल यांचा क्रम आणि मधलं चिन्ह, तिरकी रेघ, टिंब की आडवी रेघ, एवढं निवडता येतं. माझं मत विचाराल तर साल आधी, मग महिना, मग दिवस हा क्रम सर्वांत निर्धोक. कुणीच त्याला दुसऱ्या रीतीने वाचत नाही आणि तारखा उतरंडीसारख्या ओळीने लागतात. फायलींना नावं देताना मी तेच करते. पण नव्वदीच्या माणसाला ती सवय लावायला जाऊ नये. आप्पांच्या डायरीत मी दिवस आधी ठेवला आणि मध्ये तिरक्या रेघेऐवजी टिंब दिलं. म्हणजे टिंब दिसलं की आपलं सेटिंग शाबूत आहे, रेघ दिसली की कुणीतरी हात लावलाय, ही खूण.

वेळेच्या ओळीत बारा तासांचं घड्याळ किंवा चोवीस तासांचं. इथे मी चोवीस तासांच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण रेल्वे. रात्री बारा वाजून पाच मिनिटांची गाडी, तिकिटावर तारीख ८. घरातून निघायचं असतं ७ च्या रात्री जेवून. दर दोन-तीन वर्षांनी ओळखीतलं कुणीतरी ८ च्या रात्री स्टेशनवर सामान घेऊन पोहोचतं आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. डायरीत ००:०५ असं दिसलं की निदान डोळे अडखळतात.

आठवडा रविवारी सुरू करायचा की सोमवारी, हेही तिथेच. वरवर पाहता किरकोळ सेटिंग, पण डोळ्यांची सवय फार जुनी असते. आप्पा वार वाचतच नाहीत, ते जागा पाहतात. कालनिर्णयात वार उभे असतात, रविवार सर्वांत वर, आणि त्यांचा दत्ताचा गुरुवार पाचव्या ओळीत. डायरीत वार आडवे. त्यात सोमवारपासून सुरुवात केली की गुरुवार चौथ्या रकान्यात सरकतो आणि पाचव्यात शुक्रवार येतो. एका आठवड्यात त्यांनी शुक्रवारी उपास धरला. काकू म्हणाली, संतोषीमातेलाही कधीतरी मिळू दे.

शेवटची ओळ आकड्यांची. हजारानंतर स्वल्पविराम द्यायचा की टिंब, अपूर्णांकाला काय, एवढंच ते विचारतं. आपला लाख तिथे नाही. १,२३,४५६ असा आपला स्वल्पविराम त्या यंत्राला ठाऊकच नव्हता, तिथे सगळं तीन-तीनच्या गठ्ठ्यात. देवनागरी अक्षरंही मुळात नव्हती, त्यामुळे आप्पांच्या सगळ्या नोंदी रोमन लिपीतल्या मराठीत होत्या. 'केळवण' त्यांनी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलं होतं.

इथपर्यंत सगळं दाखवण्याचं झालं. याच्या बरोबर उलट स्वभावाचं पान म्हणजे 'जनरल'. तिथे 'सेट टाइम' आणि 'सेट डेट' असतं, आणि तिथली टिचकी पोटातला आकडा बदलते. तारीख दिसायला चुकीची वाटली म्हणून घाईघाईने इथे येऊन ती 'दुरुस्त' करणं, ही सर्वांत नेहमीची चूक. समजा आज ७ मार्च आहे आणि पडद्यावर ३/७ दिसतंय. तुम्हाला वाटलं, यंत्र जुलैत आहे. म्हणून तुम्ही दिनदर्शिका उघडून खरोखरच तारीख हलवलीत, तर आता यंत्र खरंच चुकलं. गजर भलत्या दिवशी वाजतील आणि मधल्या महिन्यांतली कामं एकदम तुंबलेली दिसायला लागतील. म्हणून आधी वार बघावा. यंत्र दाखवतंय तो वार भिंतीवरच्या कॅलेंडराशी जुळत असेल तर आकडा बरोबर आहे, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी आहे, तेव्हा फॉरमॅट्स. वार जुळत नसेल तरच सेट डेट.

आकडा खरोखर चुकण्याचं दुसरं कारण म्हणजे सेल. पाम थ्री रिमोटमध्ये असतात तसल्या दोन बारीक सेलांवर चालते. तिची स्मृती विजेवरच जिवंत राहते, सेल काढले की एखादं मिनिट कशीबशी तग धरते. नवे सेल आधी पाकिटातून काढून हाताशी ठेवायचे, मग जुने काढायचे. आमच्याकडे एकदा जुने सेल काढून झाले आणि नवे आणायला मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तो परत येईपर्यंत आप्पांचे दोनशे पत्ते गेले. कॅसिओच्या त्या काळच्या डायऱ्यांत यावर बरा तोडगा होता, आत दोन बटणसेल असत आणि ते एका वेळी एकच बदलायचे, म्हणजे दुसरा तेवढ्या वेळापुरता किल्ला लढवतो. दोन्ही एकदम काढणारे महाभाग तरीही होतेच.

कॅसिओसारख्या डायऱ्यांत आणखी एक खोडी असते, उन्हाळी वेळेची. परदेशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्यासाठीचं बटण चुकून दाबलं गेलं की घड्याळ तासाने पुढे पळतं. बरोबर एक तासाचा फरक दिसला की सेल, कंपनी, नशीब कुणालाच दोष न देता आधी हे बघावं. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळं तासभर पुढे केली होती. तसं पाहिलं तर इंदूरचं घड्याळ एरवीही पुढेच आहे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, मिर्झापूरकडची. इंदूर त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेसात अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. आप्पांनी यावरून लगेच आपल्या उशिरा उठण्याचं समर्थन केलं.

वेळेच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट राहिली. २००३ मध्ये आप्पा न्यू जर्सीला गेले, डायरी घेऊन. तिथे पोहोचल्यावर घड्याळ तिथल्या वेळेला लावलं. सकाळी आठची रक्तदाबाची गोळी तिथल्या सकाळी आठलाच वाजली, ते ठीक. पण मुलीला इंदूरला फोन करायचा म्हणून सकाळी नऊची नोंद होती, तीही तिथल्या नऊला वाजली, तेव्हा इंदुरात संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले. कारण त्या डायरीला प्रदेश नावाची कल्पनाच नव्हती. ती नोंद म्हणून 'नऊ वाजता' एवढंच ठेवते. जगातला अमुक क्षण असं ठेवत नाही. गोळीसाठी भिंतीवरचं घड्याळ बरोबर, फोनसाठी क्षण बरोबर. आजचे फोन क्षण धरून चालतात आणि प्रवासात नोंदी आपणहून सरकवतात, तेव्हा उलटी तक्रार होते. दोन्हीपैकी कोणतंही यंत्र तुमच्या मनातलं ओळखत नाही.

आता पडदा. मुलांनी कपाटातून डायरी काढली, सेल घातले, आणि पडदा काळाकुट्ट. 'गेली' असं म्हणून ती पुन्हा डब्यात जाणार होती. पामच्या कडेला एक छोटं दातेरी चाक असतं. ते फिरवलं, आणि काळ्यातून डायरीचं सुरुवातीचं पान वर आलं. जुन्या नोंदी अर्थात सेलांबरोबरच गेल्या होत्या.

ते चाक कॉन्ट्रास्टचं. या पडद्यात काचेच्या दोन पातळ चकत्यांमध्ये द्रवासारखे वाहणारे स्फटिक असतात, आणि बाहेरच्या बाजूंना प्रकाश एकाच दिशेने आत सोडणारे पापुद्रे. स्फटिक विश्रांतीत असतात तेव्हा प्रकाशाला वळवून पार नेतात, तो मागच्या आरशावर आपटून परत येतो आणि ठिपका उजळ दिसतो. वीज दिली की स्फटिक उभे राहतात, प्रकाश अडतो, ठिपका काळा. पूर्ण पडद्यात असे आडवे १६० आणि उभे १६०, म्हणजे २५,६०० ठिपके. चाक फिरवून आपण विजेचा दाब कमीजास्त करतो. तो फार वाढला की न मागता सगळेच ठिपके उभे राहतात आणि पडदा काळा होतो. फार कमी झाला की कोराच दिसतो. दोन्ही वेळा आतली डायरी व्यवस्थित चालू असते.

यात उष्णतेचीही ढवळाढवळ असते. गरम झालेले स्फटिक थोड्या विजेनेही उभे राहतात. इंदूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, स्कूटरच्या डिकीत ठेवलेली डायरी काळवंडते. जानेवारीच्या पहाटे तीच फिकी आणि मंद होते. दुरुस्तीला न्यायची गरज नाही, चाक अर्धा दात मागे-पुढे. उन्हाच्या काळ्या चष्म्यातून पाहिलं तर काही कोनांतून पडदा नाहीसा होतो, तेही त्या दिशा पाळणाऱ्या पापुद्र्यांमुळे. एक गोष्ट मात्र आजच्या फोनला जमत नाही. या पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे भर उन्हात तो जास्त स्वच्छ दिसतो. आप्पा गच्चीत बसून डायरी वाचत आणि मोबाइलवाले हाताचा आडोसा करत.

अंधारात लागणारा मागचा हिरवट उजेड वेगळा. चालू करायचं बटण दोन सेकंद दाबून धरलं की तो लागतो. सेल खातो, म्हणून कामापुरता. डायरी आपोआप किती वेळाने बंद व्हावी तेही 'जनरल'मध्येच ठरतं, एक, दोन किंवा तीन मिनिटं. सावकाश वाचणाऱ्याला एका मिनिटावर ठेवून वैताग देऊ नये.

अक्षरांचा आकार बदलता येतो हे पुष्कळांना कधी कळलंच नाही. नोंदीच्या पानावर असताना मेनू उघडून 'ऑप्शन्स'मध्ये 'फॉन्ट' म्हणायचं. लहान, ठळक आणि मोठा असे तीन प्रकार. मोठा घेतला की पडद्यावर ओळी कमी मावतात, पडद्यावर टेकवायच्या काडीने खाली सरकवत बसावं लागतं. आप्पांनी मोठा घेतला आणि चष्मा तरीही लावलाच.

आणि स्पर्शाची जागा. पडद्यावर ताणलेला पारदर्शक पापुद्रा काडी कुठे टेकली ते ओळखतो, पण काळाने त्याचा अंदाज थोडा ढळतो. महिन्याच्या चौकटीत ७ च्या बरोबर खाली १४ असतो. अंदाज बोटभर नव्हे, दोन ठिपके-चार ठिपके खाली गेला की तुम्ही सातवर टेकवता आणि चौदा नोंदवला जातो. असं व्हायला लागलं तर 'प्रेफ्स'मधल्या 'डिजिटायझर'मध्ये जाऊन दाखवलेल्या फुल्यांच्या मधोमध काडी टेकवायची. काडीच, नख नाही.

'नोंदी उडाल्या' ही तक्रारही बहुधा दिसण्याचीच असते. कामांच्या यादीत 'शो' म्हणून एक बटण आहे; तिथे फक्त मुदत आलेली कामं दाखव, असं झालं असेल तर पुढची सगळी दडतात. वरच्या कोपऱ्यातला गट 'ऑल' ऐवजी 'पर्सनल' वर गेला असेल तरी तेच. खासगी नोंदी लपवण्याचं सेटिंग निराळं. पत्त्यांची यादी आडनावाने लागते, आणि रामबागेत आडनावं किती असणार? अकरा जोशी एकाखाली एक. आप्पांनी युक्ती केली, आडनावाच्या जागी लोकांची घरची नावं घातली. बंडू, माई, पेटीवाला.

सणावारांचं काय, हे काकूने विचारलं. डायरीत नोंद दर दिवशी, दर आठवड्याला, महिन्याला, वर्षाला परत आणता येते. महिन्याची नोंद तारखेने किंवा वाराने लावता येते, म्हणजे दुसरा शनिवार असं सांगितलं तर दर महिन्याचा दुसरा शनिवार तीच शोधते. पण आजोबांचं श्राद्ध तिथीवर, आणि तिथी तिच्या सोळा खणांत कुठेच नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, ते दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतं, मग अधिक महिना येऊन पुढे ढकलतो. 'दर वर्षी' अशी खूण करून श्राद्ध लावलं तर पुढच्याच साली चुकणार. पंचांग समोर ठेवून दर पाडव्याला वर्षाच्या तिथ्या नव्याने भरायच्या, दुसरा उपाय नाही. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळतात खऱ्या, पण तेवढे दिवस सेल कोण पुरवणार?

डायरी आता दिवाणखान्यात आहे, दिवस आधी, टिंब मध्ये, रविवारपासून आठवडा. आप्पा नव्वदी ओलांडून बसलेत. परवा त्यांनी तारखेच्या चौकटीतला सालाचा बाण दाबत दाबत पुढे नेला आणि मला हाक मारली. "अगं, हे २०३१ च्या पुढे जातच नाही." मी खणांचा हिशेब पुन्हा सांगितला, सात खणांत १२७, आणि १९०४ अधिक १२७ म्हणजे २०३१, ३१ डिसेंबरला ही डायरी संपते. आप्पांची शंभरी २०३४ मध्ये. त्यांनी थोडा विचार केला, कालनिर्णय खिळ्यावरून उतरवलं आणि मागच्या पानावर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली. महिना अक्षरांत.